विचारा की अक्काला : नाताळची गडबड

या खेपेला प्रश्न भरपूर आलेत आणि जवळपास सगळे डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यातले. केक, गोव्याची ट्रिप, ३१ च्या रात्री जाळायचा ओल्डमॅन, मार्गशीर्षाचे गुरुवार, सगळं एकात एक गुंतलेलं, आपल्या बेळगावात डिसेंबर असाच असतो. सगळी पत्रं छापायला पानं पुरत नाहीत म्हणून सारखे प्रश्न आले तिथं एकच घेतलाय. नावं नेहमीसारखी काढलीत, गाव तेवढं ठेवलंय.

अक्का, आमच्यात मार्गशीर्षाचे गुरुवार असतात, सासूबाई महिनाभर घरात अंडं येऊ देत नाहीत आणि पोरगी कॉन्व्हेंटला जाते, तिला प्लम केकच पाहिजे, तो पण घरी केलेला, कारण वर्गातल्या सगळ्यांच्या घरी करतात म्हणे. ओव्हन नाही. रमचं तर नावच नको. बिनअंड्याचा काळा केक होतो काय? नाहीतर बेकरीतला आणतो, खरं त्यात अंडं हाय का नाही कसं ओळखायचं?
— एक सून, वडगाव

वैनी, होतो की, झकास होतो. आधी बेकरीचं सांगते. पॅकबंद केक असेल तर पाकिटावरची खूण बघा, हिरवा ठिपका असला तर अंडं नाही, आपल्याकडं लेबलच्या नियमात अंडं नॉनव्हेजमध्येच धरतात. सुटा केक घेणार असाल तर तोंडानं विचारा, लाजू नका, डिसेंबरात बेकरीवाल्याला हा प्रश्न शंभर जण विचारतात.

आता घरचा. विजापूर-अथणीकडचे बेदाणे आपल्याकडं बाजारात चांगले मिळतात ते घ्या, खजूर, काजू, टुटीफ्रुटी, संत्र्याच्या सालीचा बारीक कीस, हे सगळं आदल्या रात्री संत्र्याच्या रसात भिजवून फ्रीजमध्ये ठेवा. रम लोक घालतात ती वासाला आणि फळं महिनोन्‌महिने टिकावीत म्हणून, तुमचा केक तर दोन दिवसात संपणार आहे, त्याला रम कशाला? दीड वाटी मैदा, एक वाटी गोडं दही, वाटीला थोडी कमी साखर, अर्धी वाटी तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा. दही-साखर फेटायची, त्यात पावडर-सोडा घालून पाच मिनिटं ठेवायचं, फसफसून वर आलं की तेल, मग मैदा चाळून. दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ यांची पूड चिमूट-चिमूट. फळं निथळून त्यांना कोरडा मैदा चोळून मगच घाला नाहीतर सगळी तळाला जाऊन बसतात.

काळा रंग येतो जाळलेल्या साखरेनं. जाड बुडाच्या भांड्यात तीन चमचे साखर कोरडीच तापवायची, आधी सोनेरी होते मग कॉफीसारखी, त्या क्षणी गॅस बंद आणि पाव वाटी गरम पाणी लांबूनच ओतायचं कारण फस्सकन वाफ येते, पोरीला त्या वेळी ओट्याजवळ उभी करू नका. गार झालं की पिठात. पीठ इडलीच्या पिठाइतकं सरसरीत असलं की बस. कुकरची शिट्टी आणि रिंग काढा, आत पाणी अजिबात नको, तळाला मीठ पसरून वर रिंगण ठेवा, दहा मिनिटं रिकामा तापू द्या, मग भांडं ठेवून बारीक गॅसवर पाऊण तास, पन्नास मिनिटं. सुरी खुपसून कोरडी आली की झाला.

आणि तारखेचं. ज्या वर्षी अधिक महिना येऊन गेलेला असतो त्या वर्षी मार्गशीर्ष पुढं सरकतो आणि नाताळ त्यातच पडतो, इतर वेळी बऱ्याचदा आधीच उद्यापन होऊन जातं. तेव्हा आधी कॅलेंडर बघा. गुरुवार टाळा एवढंच. सासूबाईंच्या मागं मात्र करू नका, उलट साखर जाळायचं काम त्यांनाच द्या, पाकाची नजर त्यांच्या पिढीला आहे ती आपल्याला नाही, आणि स्वतःच्या हातचं झालं की कुरकुर आपोआप कमी होते, हा माझा अनुभव नाही तर माझ्या सासूचा माझ्यावरचा प्रयोग आहे.

माझे मिस्टर भाजीचा टेम्पो घेऊन गोव्याला जातात. नाताळात तिकडं हॉटेलं फुल्ल असतात म्हणून ह्यांना रोज खेप. यंदा दोन्ही नणंदा पोरांसकट २३ ला येणार, सासूचे गुडघे धरलेत, मी एकटी. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, केक, बिबिंका, डुकराच्या मटणाचं सोरपोतेल, तांदळाच्या इडलीसारख्या सान्नां, घराची साफसफाई, क्रिब म्हणजे येशूजन्माचा देखावा, आणि वर चर्चमधली नऊ दिवसांची नोव्हेना प्रार्थना चुकवायचं नाही. मागच्या वर्षी मिस्साच्या प्रार्थनेला बसल्या बसल्या डोळा लागला माझा. मी सगळं करतो म्हणून सगळ्यांना सवय झाल्या. काय करू सांगा की.
— एक वाचक, खानापूर तालुका

बाई, तुझं पत्र वाचून मला दम लागला. यादीतलं एक एक घेऊया.

बिबिंका विकत आण. एक एक थर भाजून वरचा रंग आला की पुढचा ओतायचा, त्यात अर्धा दिवस जातो आणि दुसरं काही हातात घेता येत नाही. ज्या घरात चार बायका मोकळ्या आहेत त्यांनी करावी. मिस्टर गोव्याला रोज जातातच, येताना एक आणतील, त्यात कमीपणा काही नाही.

कुलकुल सगळ्यात आधी करून टाक, नाताळच्या दहा-बारा दिवस आधी केले तरी घट्ट झाकणाच्या डब्यात कुरकुरीत राहतात. ते काम पोरांचं, शेजारची चार पोरं गोळा कर, प्रत्येकाच्या हातात एक नवा कोरा कंगवा नाहीतर काटाचमचा दे आणि गोळ्या वळायला बसव, वाकडेतिकडे झाले तरी तळल्यावर सगळे सारखेच लागतात. नेवऱ्यांचं सारणावर आहे. सुकं खोबरं, भाजलेला रवा, तीळ, साखर असं कोरडं असेल तर आठवडाभर आधी कर, ओल्या नारळाचं असेल तर २३ च्या आधी हात लावू नको. दिवाळीत करंज्या करणाऱ्या तुझ्या शेजारणीकडं साचा आणि कातण असणारच, ती माग, आणि जमलं तर शेजारणीला पण माग. तिच्या करंज्यांना तू गेली असशीलच की.

दोदोल मुद्दाम नणंदा आल्यावर ठेव. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, माडाचा काळा गूळ, आणि मग ढवळत राहा, ढवळत राहा, तूप सुटून कढईची कड सोडेपर्यंत. एका माणसाचं ते काम नव्हेच, खांदे भरून येतात. दोघी नणंदांना आळीपाळीनं उभं कर, माहेरच्या गप्पा मारत त्यांचा वेळ पण जातो. गूळ मात्र माडाचाच आण, आपला उसाचा गूळ चांगला असला तरी तो रंग आणि तो धुरकट वास त्याला येत नाही, हे पण मिस्टरांच्या यादीत.

सोरपोतेल २२ ला करून ठेव. व्हिनेगर असतं त्यात, दोन-तीन दिवस मुरलं की चव वाढते, रोज एकदा नीट उकळी आणायची बस, म्हणजे २५ च्या सकाळी गॅसवर फक्त गरम करायचं. सान्नांना मात्र आपली थंडी आडवी येते, गोव्यात पीठ तीन-चार तासात फुगतं तेवढ्यात आपल्या खानापुरात ते जागचं हलत नाही. पीठ कोमट पाण्यात कर, भांडं चुलीच्या उबेला नाहीतर घोंगडीत गुंडाळून ठेव आणि जास्तीचा वेळ धरूनच चाल.

क्रिबसाठी नाचणी १४-१५ तारखेला पेर, पसरट ताटात माती घालून, दिवाळीच्या किल्ल्यावर पोरं अळीव पेरतात तशीच, आठ-दहा दिवसांत हिरवंगार शेत तयार. सासूबाईंचे गुडघे धरलेत, हात नाही धरले, पाणी शिंपडायचं, मेंढरं मांडायचं, गवत कापायचं काम बसून होतं. बाळ येशूची मूर्ती चोवीसच्या मध्यरात्रीपर्यंत कपाटातच राहू दे, पोरं आधी नेऊन ठेवतात म्हणून ती जरा उंचावर. आणि साफसफाई? पुढची खोली आणि मोरी. माळ्यावरचं ईस्टरला बघ.

आता मिस्टर. गोव्याची बरीचशी भाजी आपल्याकडूनच जाते तेव्हा खेपा थांबणार नाहीत हे खरं, पण चोवीसची रात्र एकच आहे. ड्रायव्हर लोकांत अदलाबदल चालते. ज्याला ईद आहे, ज्याला लक्ष्मीची जत्रा आहे, त्याच्या खेपा तुझ्या मिस्टरांनी कधीतरी मारल्या असतीलच, आता त्यांना म्हणावं आत्ताच जाऊन बोला, २३ ला सांगून कुणी मिळत नाही. नोव्हेनाला जा. ती तुझी नऊ दिवसांची हक्काची बैठक आहे, तेवढा वेळ घर तुझ्याशिवाय चालतं हे पण घरच्यांना कळतं. आणि मिस्साला डोळा लागला तर लागला, त्या रात्री अर्धं चर्च डुलक्या घेत असतं, फादरना माहीत असतं ते.

आम्ही निपाणीचे. २८ ला फॅमिली घेऊन गोव्याला जायचं म्हणतोय, कारनं. चोर्ला चांगला की अनमोड? आणि बेळगावात एक मुक्काम करून कॅम्पातली सजावट पण बघायची होती.
— निपाणी

दादा, तुम्ही निपाणीहून बेळगावला उतरून मग घाट धरणार म्हणजे वळसा झाला. उत्तर गोव्याला जायचं असेल तर तुम्हाला आजरा-आंबोली-सावंतवाडी सरळ पडतं. बेळगावला यायचंच असेल तर मग जांबोटी-कणकुंबी-चोर्ला करून साखळीला उतरा. दक्षिण गोवा असेल तर खानापूर-रामनगर-अनमोड-मोले-फोंडा. चोर्ल्याचा रस्ता जंगलातला, मधे मोबाईलची रेंज जाते, सकाळी धुकं असतं, पेट्रोल आधीच भरून घ्या आणि अंधारात जाऊ नका. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, माउलीचं देऊळ आहे, तिथं पाय मोकळे करा, पोरांना नदी एवढीशी असते हे बघू दे. परत येताना १ तारखेची संध्याकाळ टाळा, त्या दिवशी अख्खा उत्तर कर्नाटक गोव्यातून घरी निघालेला असतो. आणि गोव्यातली बाटली डिकीत टाकून आणायचा विचार कुणी करत असेल तर आत्ताच सोडायला सांगा, घाट चढून आलं की अबकारीचं चेकिंग असतं.

मुक्कामाचं असं की डिसेंबरात हलग्याजवळ सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, तेव्हा लॉजमध्ये खोली मिळणं मुश्किल, हायवेवर आंदोलनं, पोलीस, सगळं. बहुतेक वेळा ते नाताळच्या आधी आटोपतं, २७-२८ ला तसा त्रास होऊ नये. तारीख बघून मगच खोली बुक करा. सौंदत्तीची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला असते, तेव्हा बसगाड्या तिकडं वळवतात, पण तुम्ही कारवाले, तुम्हाला काय.

नवीन शेजारी ख्रिश्चन आहेत, फार चांगली माणसं. २५ ला घरी बोलवलंय आणि २४ च्या रात्री चर्चला पण चला म्हणाले. आम्ही कधी गेलो नाही. काय न्यायचं? चर्चमध्ये कसं वागायचं? आणि आम्ही शाकाहारी, ते वाईट मानतील का?
— हिंदवाडी

जा की, बोलवलंय ना. कॅथलिक आहेत की प्रोटेस्टंट ते आधी सहज विचारून घ्या, कारण पद्धती वेगळ्या. कॅम्पात फातिमा कॅथेड्रल कॅथलिकांचं, बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली झाला त्याचं मुख्य चर्च ते, आणि सेंट मेरीज हे ब्रिटिशांच्या काळातलं दगडी चर्च प्रोटेस्टंट परंपरेतलं. चोवीसच्या रात्रीच्या मिस्साची वेळ त्यांनाच विचारा, सगळीकडं बाराच असते असं नाही, हल्ली कितीतरी ठिकाणी लवकर सुरू करतात. भाषा पण विचारा, कोकणी, कन्नड, मराठी, इंग्रजी, जिथं जी असेल ती.

मागच्या बाकांवर बसा. सगळे उभे राहिले की उभे राहा, गुडघे टेकले तेव्हा शांत बसून राहिलात तरी चालतं. शेवटी शेवटी लोक रांगेनं पुढं जातात आणि फादर त्यांना ओस्ती, म्हणजे पवित्र मानलेली पातळ चकती, देतात, त्या रांगेत जायचं नाही. तो प्रसाद समजून हात पुढं करणारे आपले लोक मी बघितलेत, पण ती ज्यांनी त्यांच्या धर्माची दीक्षा घेतली त्यांच्यासाठीच असते, आपण जागेवर बसलो म्हणून कुणी काही मनात आणत नाही. स्वेटर-शाल घेऊन जा, रात्री कॅम्पात थंडी झोंबते. क्रिब नंतर बघायला मिळतो, फोटो काढायचे ते तेव्हाच.

घरी जाताना कुंदा न्या. बेळगावात राहून दुसरं काय न्यायचं? शाकाहारी आहोत हे आधीच, दोन दिवस आधी सांगा, ऐनवेळी ताटावर बसून नव्हे. त्या बाईला तेवढ्यात काही करता येतं, आणि गोडात नेवऱ्यांची तशी चिंता नसते, कुलकुलात काही घरी अंडं घालतात ते विचारून घ्या, केक आणि बिबिंकाला अंडं असतं. त्या दिवशी सकाळी त्यांच्याकडं त्यांचेच पाहुणे असतात तेव्हा दहा-अकराच्या गर्दीत न जाता संध्याकाळी जा. त्यांच्याकडून नाताळची ताटली झाकून तुमच्याकडं येईल ती रिकामी परत पाठवू नका, हे तुम्हाला सांगायला नको.

माझ्या कुंडीतल्या पॉइन्सेटियाची पानं नाताळ आला तरी हिरवीच. नर्सरीतून आणला तेव्हा लालभडक होता. खत कमी पडतंय का?
— संकेश्वर

खत नाही, अंधार कमी पडतोय. लाल दिसतात ती फुलं नव्हेत, वरची पानंच, आणि ती लाल व्हायला त्या झाडाला ऑक्टोबरपासून कितीतरी आठवडे रोज रात्री तेरा-चौदा तास गुडूप अंधार लागतो. तुमची कुंडी गॅलरीत ट्यूबलाइटखाली नाहीतर रस्त्याच्या दिव्यासमोर असणार. यंदा आता काही होत नाही. पुढच्या दसऱ्यापासून संध्याकाळी वर खोका पालथा घालत जा आणि सकाळी काढा. छाटताना पांढरा चीक हाताला लागू देऊ नका, खाज सुटते.

अक्का, सुट्टीत प्रोजेक्ट दिलंय, आपल्या भागातलं ऐतिहासिक ठिकाण. मी काँग्रेस विहीर घेतली आहे. मित्र म्हणतो अधिवेशन नाताळात झालं होतं. नाताळात कशाला कोण अधिवेशन घेईल?
— नववीतला विद्यार्थी, टिळकवाडी

मित्र बरोबर आहे बाळा. २६ आणि २७ डिसेंबर १९२४. गांधीजी काँग्रेसच्या ज्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते हेच, आपलं बेळगावचं, आणि मंडपाच्या जागेला विजयनगर नाव दिलं होतं. एवढ्या माणसांना पाणी लागणार म्हणून ती विहीर खोदली. नाताळात का, तर त्या काळात कोर्टं, कचेऱ्या, कॉलेजं साहेबाच्या सणाला बंद असायची, काँग्रेसमध्ये वकील पुष्कळ, त्यांना तेव्हाच सवड. मुंबईचं पहिलं अधिवेशन पण बघ, १८८५, २८ डिसेंबरला सुरू झालेलं. म्हणजे साहेबानं दिलेल्या सुट्टीत साहेबाला घालवायच्या बैठका. हे वाक्य प्रोजेक्टमध्ये घाल, सरांना आवडेल, माझं नाव नको सांगू. आणि नुसतं मोबाईलवरून उतरवू नको, विहीर तुझ्या घरापासून चालत जायच्या अंतरावर आहे, जाऊन बघून ये.

आमच्या गल्लीत आम्ही पोरं ओल्डमॅन करणार, घरचे नको म्हणतात, गेल्या वर्षी दुसऱ्या गल्लीत वायर जळाली होती म्हणून. कॅम्पात विकत मिळतो खरं महाग, आणि विकत आणण्यात मजा नाही. अक्का तुम्ही आईला सांगा की.
— अनगोळची पोरं

सांगते, पण आधी तुम्ही ऐका. बाहेरगावच्या वाचकांना कळावं म्हणून, ३१ डिसेंबरच्या रात्री आपल्याकडं जुन्या कपड्यांत गवत भरून म्हातारा करतात आणि बाराच्या ठोक्याला जाळतात, सरलं वर्ष त्याच्याबरोबर जळालं. गोव्यात पण आहे, तिकडं केरळात फोर्ट कोचीनला असाच मोठा पप्पांजी जाळतात, आणि पार इक्वेडोरला पण जुनं वर्ष असंच बाहुला करून जाळतात. कॅम्पात आठवडाभर आधीपासून रस्त्याकडेला ओळीनं विकायला बसलेले असतात, टोपी-चष्मा-मिशा लावून, बघायला सुद्धा मजा येते.

आता तुमचा ओल्डमॅन. गवत, पिंजार, जुनी पॅन्ट-शर्ट, पोतं, मडक्याचं नाहीतर पुठ्ठ्याचं तोंड. बस. टायर नाही, प्लास्टिक नाही, थर्माकोल नाही, त्याचा काळा धूर लहान पोरं आणि दम्याची माणसं रात्रभर घेतात. पोटात फटाके भरायची जी फॅशन आलीय ती मला अजिबात पटत नाही, फटाका कुठल्या दिशेला उडेल ते तुमच्या हातात नसतं, गेल्या वर्षीची वायर अशीच गेली असणार. उंची तुमच्यापेक्षा जास्त नको. गल्लीत वायरी लोंबतात तिथं करू नका, मोकळी जागा बघा, आजूबाजूला गाड्या, कडबा, मंडप काही नको. डांबरावर जाळायचा असेल तर खाली वाळूचा थर. दोन बादल्या पाणी आणि एक मोठा माणूस, खरोखरचा मोठा, कॉलेजातला नव्हे. सकाळी राख तुम्हीच गोळा करायची, झाडूवाल्या मावशींसाठी ठेवायची नाही. ओळखीच्या माणसाचं नाव किंवा फोटो त्याच्या गळ्यात अडकवायचा नाही, त्यावरून भांडणं होतात.

आईसाठी: एवढं सगळं करत असतील तर करू द्या वैनी. नाही म्हणालात तर दुसऱ्या गल्लीत जाऊन करतील आणि तिथं बादली नसेल.

रात्री अकरापर्यंत कॅरल म्हणत पोरं दारात येतात. स्पीकर पण असतो. बोलावं तर वाईट दिसतं.
— शहापूर

काका, स्पीकरचा नियम सगळ्या सणांना एकच, रात्री दहा ते सकाळी सहा बंद, सरकारनं ठरवून दिलेले थोडे दिवस तेवढी बारापर्यंत सूट असते. गणपतीत आपण त्याच सुटीवर असतो हे लक्षात ठेवून बोला. गिटार घेऊन दारात दोन गाणी म्हणणाऱ्या पोरांना मात्र स्पीकरवाल्यांत धरू नका. त्यांच्या म्होरक्याला दिवसा गाठून "आमच्याकडं आठला या" म्हणून सांगा, येतात, आणि दार उघडून दोन शंकरपाळ्या हातावर ठेवल्यात तर गाणी पण लवकर संपतात.

शाळेत पोराला सांता करायचं आहे. ड्रेस भाड्यानं घेऊ का?
— गोकाक

लाल स्वेटर, लाल पायजमा, कापसाची दाढी, उशीचा अभ्रा पाठीवर. दाढी गमानं चिकटवू नका, इलॅस्टिकनं बांधा. तो सांता मुळात मायराचे बिशप सेंट निकोलस, त्यांचा दिवस ६ डिसेंबरला असतो, स्टेजवर बोलायला एक वाक्य पाहिजे असेल तर हे शिकवा.

दिवाळीचा आकाशकंदील काढलाच नाही, तोच चांदणीचा आकार आहे, नाताळला चालेल का? आणि काढायचा कधी?
— एक आळशी वाचक, खडेबाजार

चालेल. बल्ब पुसा, धूळ बसलीय त्यावर. नाताळ तीन राजांच्या सणापर्यंत, ६ जानेवारीपर्यंत धरतात, तोवर राहू द्या. त्यानंतर मात्र काढा, नाहीतर संक्रांतीला पतंग त्यात अडकणार आणि पोरं तुमच्या गॅलरीत चढणार.

पुढच्या अंकासाठी संक्रांत, हुरडा आणि परीक्षांचे प्रश्न पाठवा. केकची रेसिपी परत विचारू नका, हा अंक जपून ठेवा.